रत्नाच्या अंकातली कोरी पानं

३ नोव्हेंबर, सोमवार

काल घाटकोपरला शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची सभा झाली. जाताना मी संपादक होतो, येताना संपादकाचा नवरा झालो.

आमच्या वेळशेत ग्रामस्थ मंडळाला यंदा पंच्याहत्तर वर्षं होतात. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या गिरणी कामगारांनी हे मंडळ काढलं आणि त्याचा वार्षिक अंक गेली वीसेक वर्षं मी काढतोय. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून, रविवार घालवून, लोकांच्या पाया पडून. अमृत महोत्सवाचा अंक मीच काढणार यात मला शंका नव्हती. अध्यक्ष माणिककाका उठले आणि म्हणाले, "औंदाचो अंक रत्नप्रभेन काढूचो. तिच्या हातचो बघूया एकदा." टाळ्यांचा कडकडाट. खजिनदार विद्याधर, म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, त्याने तर फक्त शिट्टी मारायची बाकी ठेवली.

आमची ही उठून म्हणाली, "काका, मला कुठे जमतंय? ह्यांनाच असू दे. नाहीतर निदान मार्गदर्शक म्हणून तरी ह्यांचं नाव ठेवा." मार्गदर्शक म्हणजे कोण, ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्याचा फोटो छापतात आणि ज्याला कोणी काही विचारत नाही तो. मी उभं राहून स्पष्ट सांगितलं की मला कसलंही पद नको. तेही सगळ्यांनी एकमताने मान्य केलं.

रत्नाने तीस वर्षं हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीत बसून लोकांची नावं लिहिली. लेखनाशी तिचा संबंध तेवढाच. मी तिचा राग करत नाही, फक्त योग्यतेचा प्रश्न आहे. मुलुंडला पोचेपर्यंत रिक्षात मी एक शब्द बोललो नाही. तिने वाटेत उतरून वांगी घेतली.

८ नोव्हेंबर, शनिवार

जान्हवीचा जुना लॅपटॉप आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलाय. मला ताट बाजूला घेऊन जेवावं लागतं. लेकीनेच आईला वर्डमध्ये फाईल कशी उघडायची ते शिकवलं. मला विचारलं असतं तर मीही शिकवलं असतं. पण विचारणार कोण? मी काय, मार्गदर्शकसुद्धा नाही.

फोन सारखा वाजतो. "वहिनी, लेख पाठवलाय बघा." "काकू, माझी कविता मिळाली का?" माझ्या वेळी ह्याच लोकांना चार ओळी लिहा म्हणून सांगताना घसा कोरडा पडायचा. तेव्हा ह्यांच्या हातांना काय मुंग्या आल्या होत्या?

१६ नोव्हेंबर, रविवार

ती मार्केटला गेली होती तेव्हा तिची फाईल उघडून बघितली. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

अंक चौसष्ट पानांचा ठरलाय आणि हिची फाईल ऐंशीच्या घरात गेलीय. जिकडे तिकडे कोरी पानं. एक लेख संपतो, खाली चार बोटं मजकूर, मग एक अख्खं पान पांढरं, मग पुढचा लेख. कुठे वाक्य अर्ध्यावर तुटून पुढच्या पानावर उडी मारतं. कारण सरळ आहे. प्रत्येकाने आपापल्या कॉम्प्युटरवर, मोबाइलवर लिहिलं, जिथे वाटलं तिथे पेज ब्रेक टाकला, आणि हिने सगळं जसंच्या तसं एकाखाली एक चिकटवलं. ते तोडलेले सांधे दिसत नाहीत, पण असतात. ते कसे शोधायचे आणि कसे पुसायचे हे मला येतं. ऑफिसात साहेबांचे अहवाल मीच नीट करायचो.

मी फाईल बंद केली आणि पेपर वाचत बसलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अजून ऐंशीच्या घरातच. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटी आली. दुपारचा चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, "अहो, ही मधली पानं कोरी का राहतात ते जरा बघाल का? मी डिलीट दाबते, तर अक्षरंच जातात, पान काही जात नाही."

मी म्हटलं, "मिहिरला विचार ना. जावई कॉम्प्युटरमधलेच आहेत."

"मिहिर दोन मिनिटांत करून देईल हो. पण तो मराठी वाचत नाही नीट. तुमच्यासारखं एकेक पान वाचून कोण करणार?"

मी लगेच हो म्हटलं नाही. प्रेसला कधी द्यायचाय, किती लेख आहेत, असं सगळं विचारून घेतलं. तिने सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग म्हटलं, बघतो वेळ काढून. वेळच वेळ आहे माझ्याकडे, पण ते तिला कशाला सांगा. अडला हरी म्हणतात तो हाच. ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा गुणगुणत होती. कशाबद्दल, कोण जाणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस झाले, रोज सकाळी बसतो. उलट्या 'पी'सारखी खूण असलेलं बटण दाबलं की लपलेलं सगळं उघडं पडतं. कुठे कुणी पान ढकलायला पंधरा-पंधरा वेळा एंटर दाबलाय, कुठे ठिपक्यांची रेघ आणि तिच्या मधोमध 'पेज ब्रेक' लिहिलेलं. त्या रेघेवर कर्सर ठेवून डिलीट दाबायचं, की खालचा मजकूर सरसर वर येतो. आधी लेख वाचायचा, हा ब्रेक हवा की नको ते ठरवायचं, मग हात लावायचा. नको असलेले काढायचे आणि हवे ते ठेवायचे, ह्यातच खरं काम आहे.

रत्नाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अगंबाई! हे असं होतं होय?" तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. खूप दिवसांनी.

सगळे लेख वाचतोय. एक तेवढं वाचलं नाही. तिचं संपादकीय आलं की मी भरभर पुढे सरकतो. वर तिचा फोटो, खाली ठळक अक्षरात 'सौ. रत्नप्रभा सहदेव घाडी, संपादक'. मला तेवढंच पुरे होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज दुपारी विद्याधरचा फोन. "काय रे, झाली का फाईल?" म्हटलं, अर्ध्याच्या वर आलोय. तर म्हणतो, "वहिनीनं मला संपादकीय वाचून दाखवलं यार फोनवर. झकास! राग येऊ देऊ नको हां, पण तुझ्या एवढ्या वर्षांत असं काही वाचलं नव्हतं. तू कसा, सगळं नियमाने लिहितोस. हिचं वाचून प्रेमा रडली."

प्रेमा म्हणजे त्याची बायको. ती मालिका बघूनही रडते.

मला जे झालं ते झालं. विद्याधरला वाचून दाखवलं, आणि मी, जो आठवडाभर तिची उष्टीखरकटी काढतोय, त्याला नाही! (तिने मला वाचायला सांगितलं होतं, दोनदा. पण सांगणं वेगळं आणि वाचून दाखवणं वेगळं.) मनात म्हटलं, एवढं जर झकास आहे तर मी कशाला डोळे फोडत बसू? वर्डमध्ये एक सोय आहे. शोधायच्या जागी पेज ब्रेकची खूण टाकायची, बदलायची जागा रिकामी सोडायची आणि 'रिप्लेस ऑल' दाबायचं. सगळे ब्रेक एका फटक्यात साफ. दाबलं. फाईल बासष्ट पानांवर आली. सेव्ह करून बंद केली.

रत्ना म्हणाली, "झालं पण? नीट बघितलंत ना सगळं?"

"बघितलं."

"माझं पण?"

"सगळं."

पीडीएफ करून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी स्वतःच टाकली. वर लिहिलं, 'अंकाचे काम पूर्ण. पाने जुळवणी : सहदेव घाडी.' लोकांना कळू दे, घरात दोन माणसं आहेत. रत्ना म्हणाली, उद्या जान्हवीकडे बोरिवलीला जातेच आहे, तिथे मोठ्या स्क्रीनवर बघते.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी ती गेल्यावर मी जरा आडवा झालो होतो, तर माणिककाकांचा फोन. आवाज दाटलेला. मला वाटलं सर्दी.

"सहदेवा, कधी झालां रे?"

मी म्हटलं, "काल संध्याकाळी, काका. बरेच दिवस अडकलं होतं. शेवटी मीच एका फटक्यात संपवलं."

काका म्हणाले, "काय बोलतंस काय तू?"

"कंटाळलो होतो हो. म्हटलं, एकदाचं मोकळं व्हावं."

त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, रत्नाच्या अंकाला मी हात लावला हे त्यांना आवडलेलं दिसत नाही. एवढ्यात गावाहून कुणाचा तरी फोन, "भाऊ, अहेव गेली, भाग्याची गेली, रडू नका." मग ग्रुप उघडला. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर आत्म्यास शांती देवो.

पीडीएफ उघडली तेव्हा कळलं. संपादकीयाच्या आधीचं पान यंदा वारलेल्या गावकऱ्यांचं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली कैलासवासी मंडळींची नावं, शेवटी समईचं चित्र. पुढे पेज ब्रेक होता आणि मग रत्नाचा फोटो. तो ब्रेक हवा असलेल्यांपैकी होता. मी रोपं आणि तण एकदमच उपटलं होतं. फोटो सरकून समईच्या खाली येऊन बसला होता, त्याखाली 'सौ. रत्नप्रभा सहदेव घाडी, संपादक', आणि 'संपादकीय' हे शीर्षक पुढच्या पानावर. फोटो तिच्या सेवानिवृत्तीच्या समारंभातला. गळ्यात हार.

वाट लागली, एवढंच डोक्यात आलं. मग त्या फोटोकडे बघत बसलो. मीच काढला होता तो. तिथे, त्या समईखाली, ती इतकी खरी वाटत होती की मी तिला फोन लावला. वाजत राहिला. ती बसमध्ये फोन पर्समध्येच ठेवते हे मला माहीत आहे, तरी मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. शेवटी जान्हवीने उचलला. "बाबा, तुम्ही ती फाईल बघितली तरी का?" ती ओरडत होती आणि मागे रत्ना हसत होती. तिचं हसणं ऐकून मी खुर्चीत बसलो.

संध्याकाळी ती घरी आली. दारातच म्हणाली, "मेलेल्या माणसाला चहा कोण देणार?" प्रेमाने म्हणे मला धीर द्यायला रत्नाच्याच नंबरवर फोन लावला होता. हिने "हॅलो" म्हटल्यावर प्रेमाने किंचाळून फोन टाकला. ते सांगताना रत्ना इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाठ चोळून दिली. म्हणाली, "मरणाची खोटी बातमी पसरली की आयुष्य वाढतं म्हणतात. माझं वाढवलंत तुम्ही."

घ्या. आयुष्यही तिचंच वाढलं.

१ डिसेंबर, सोमवार

ग्रुपवर खुलासा टाकला. 'तांत्रिक चुकीमुळे'. माणिककाकांना जाऊन भेटून आलो. आधी त्यांनी मला नीट न्याहाळलं, मग सगळं ऐकल्यावर पोट धरून हसले. "माका वाटला, तूच काय तरी केलंस तिचा!" विद्याधर म्हणाला, पुढच्या अंकात तुझा नंबर.

पण मला झोंबलंय ते वेगळंच. खुलासा टाकायच्या आधी लोकांनी जे लिहिलं ते सगळं मी आज वाचून काढलं. आधीचे नुसते हात जोडलेले. मग एक बाई लिहिते, माझ्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी आम्ही गावाहून पोचेपर्यंत वहिनी बाहेर बाकावर बसून होत्या, आईला आपलं माणूस म्हणून तेवढ्याच होत्या. कुणी लिहितो, माझा सर्वेश ह्या माउलीमुळे जगला, खिडकी बंद झाल्यावर ती स्वतः त्याला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेली. कुणाला तिने डब्यातली अर्धी भाकरी दिली. देवनारचा एक मुलगा लिहितो, बाबा गेले तेव्हा कागद करताना काकूंनी माझा हात सोडला नाही.

हे सगळं कधी झालं? मी ह्याच घरात राहत होतो. संध्याकाळी उशीर झाला की ती म्हणायची, गर्दी होती. मी समजायचो गाडीला गर्दी. एका शब्दाने सांगितलं असतं तर मी अंकात छापलं असतं. बोललो तसं तिला. ती म्हणाली, "त्यात छापण्यासारखं काय होतं?" हा असा मोठेपणा मला सहन होत नाही.

माझ्यासाठी लोकांनी लिहिलं होतं, 'सहदेवभाऊ, स्वतःला सांभाळा.' सगळ्यांनी तेच. जसं काही दुसरं सुचतच नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

जान्हवीकडे फाईलची जुनी प्रत होती, पण तिच्यात रत्नाच्या दुरुस्त्या नव्हत्या. म्हणून माझ्याच फाईलमध्ये पुन्हा एकेक ब्रेक घालत बसलो. ह्या वेळी प्रत्येक पान वाचलं. श्रद्धांजलीच्या पानानंतर ब्रेक घालताना दोनदा तपासलं, फोटो खाली गेला ना, गेला.

संपादकीयही वाचलं. नाइलाज होता. चांगलं आहे. विद्याधर म्हणतो तसं झकास वगैरे नाही, पण वाचताना मी मध्ये थांबून पाणी प्यायलो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा गावच्या बायकांनी मुंबईत काय काय केलं, त्यावर आहे. शेवटी लिहिलंय, 'अंक वेळेवर आणि नीट काढायचा असतो, हे मी माझ्या घरात बघत आले.' एक वाक्य, तेही नाव न घेता. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या काढल्या.

फाईल बरोबर चौसष्ट पानांवर आली. रत्नाने पहिल्या पानावर स्वतः टाइप केलं, 'मांडणी : सहदेव घाडी'. माझा गौरव केला की मला ताकीद दिली, ते कळायला मार्ग नाही. विचारलं तर म्हणते, "तुम्हाला काय वाटतं?"

७ डिसेंबर, रविवार

रत्ना रोज दुपारी एकेकाला फोन करते. "मी बोलतेय हो. आहे, आहे, जिवंत आहे." पलीकडे कुणी हसतं, कुणी रडतं. हिचा चहा निवतो. आज एक म्हातारे गृहस्थ इतका वेळ बोलत होते की मी ऐकणं सोडून दिलं आणि तरी ऐकत होतो.

तिने फोन ठेवल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समज, तिथे माझा फोटो सरकला असता. लोकांनी काय लिहिलं असतं?"

ती मटार सोलत होती. विचार करू लागली. एवढा वेळ लावायची गरज नव्हती.

"अंक वेळेवर काढायचे, असं लिहिलं असतं."

"बस?"

"शुद्धलेखन चांगलं होतं, असंही कुणीतरी लिहिलं असतं."

मी पेपर उघडला. थोड्या वेळाने म्हटलं, "आणि तू?"

"मी? मी बरंच लिहिलं असतं."

"काय?"

"ते आता कसं सांगू? तुम्ही समोर असताना नाही यायचं ते." असं म्हणून ती सालं घेऊन आत गेली.

तेव्हापासून मी इथे बसलोय. वीस वर्षं मंडळासाठी कुणी काहीही लिहिलं तरी सगळ्यांच्या आधी मी वाचलं. आता ही माझ्यावर लिहिणार, तेही बरंच. ते विद्याधर वाचेल. प्रेमा वाचून रडेल. गावातली पोरंसोरंसुद्धा मोबाइलवर वाचतील. वाचायला मी तेवढा नसेन. त्या सगळ्यांचा मला आत्तापासूनच हेवा वाटतोय.